एनक्लेक्सचा सराव: एकट्याने प्रश्नसंच सोडवावा की मिळून केसवर चर्चा करावी?

एनक्लेक्स-आरएन, म्हणजे अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करण्याच्या परवान्यासाठीची परीक्षा, तिची तयारी करणारे नागपुरातील बरेच सहकारी सध्या एकाच ठिकाणी अडलेले दिसतात. क्लिनिकल जजमेंटच्या, म्हणजे रुग्णाची लक्षणे पाहून काय करायचे ते ठरवण्याच्या, सरावासाठी सशुल्क ऑनलाइन प्रश्नसंच घेऊन एकट्याने बसावे, की धंतोली-रामदासपेठेतील रुग्णालयांची ड्युटी सांभाळून दोघातिघांनी केसवर चर्चा करावी, हे त्यांचे ठरत नाही. एप्रिल २०२३ पासून परीक्षेचे स्वरूप बदलून अशा जजमेंटवर भर आला, हे सर्वांना ठाऊक आहेच. मी या दोन्ही पद्धती वापरल्या असून पुढील मत त्या अनुभवावरचे आहे. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

प्रश्नसंचाचे पारडे काही बाबतींत निःसंशय जड आहे. मॅट्रिक्स (तक्त्यात ओळीनुसार खुणा करणे), बो-टाय (मध्ये रुग्णाची स्थिती आणि दोन्ही बाजूंना चौकटी असलेली आकृती भरणे), मजकुरातील नेमका भाग अधोरेखित करण्याचे प्रश्न हे सर्व पडद्यावरच हाताळलेले बरे. काही प्रश्नांत बरोबर निवडीला गुण मिळतो आणि चुकीच्या निवडीला एक गुण वजा होतो. त्यामुळे ‘असू दे’ म्हणून जास्तीच्या चौकटीवर खूण करण्याची सवय प्रश्नसंच लवकर मोडतो. कामाच्या वाटपाचे प्रश्नही तेथेच शिकावे लागतात. आपल्या वॉर्डात रुग्णाला कुशीवर वळवणे किंवा भरवणे हे बरेचदा नातेवाईकच करतात, त्यामुळे कोणते काम सहाय्यकाकडे सोपवावे आणि कोणते परिचारिकेने स्वतःकडेच ठेवावे, हा विचार चर्चेला बसलेल्यांपैकी कोणाच्याच अंगवळणी पडलेला नसतो.

असे असूनही मला एक गोष्ट सतत खटकत राहिली, आणि माझा निर्णय तिच्यावरच झाला. प्रश्नसंचात पर्याय आधीच समोर मांडलेले असतात. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतरची रुग्ण घ्या: नाडी ८८ वरून ११२ वर गेली आहे, रक्तदाब अजून ११८/७६ आहे, ती अस्वस्थ आहे आणि लघवी तासाला २५ मिलिलिटर होत आहे. रक्तदाब घसरण्याआधीच रक्तस्राव सुचवणाऱ्या या खुणा आहेत. पडद्यावर ‘नाडीचा वेग’, ‘लघवीचे प्रमाण’, ‘अस्वस्थता’ हे शब्द पर्यायांच्या यादीतच दिसतात, मग त्यांवर खूण करायला फारसा विचार लागत नाही. उत्तर देताच स्पष्टीकरण उघडते, ते पटते, आणि आपल्याला हे येत होते असे वाटू लागते. परीक्षेतही पर्याय असतातच, हा आक्षेप योग्य आहे. परंतु तेथे दिशाभूल करणारे पर्यायही तितकेच सरळ दिसतात, आणि संकेत आधी स्वतःच्या मनात उमटला नसेल तर हात नेमका त्यांच्याकडे वळतो.

चर्चेत आम्ही साधा नियम ठेवला होता. एकाने केस पेपर हातात धरायचा आणि विचारले तेवढेच सांगायचे. इनटेक-आउटपुट चार्ट (रुग्णाच्या शरीरात किती द्रव गेला आणि किती बाहेर पडला याची नोंद) कोणी मागितलाच नाही, तर लघवीचा आकडा शेवटपर्यंत बाहेर येत नसे. बो-टाय कोऱ्या कागदावर काढायचा: मध्ये संभाव्य स्थिती, डावीकडे दोन कृती, उजवीकडे लक्ष ठेवण्याच्या दोन बाबी, आणि पर्याय एकही नाही. ‘आधी डॉक्टरांना कळवू’ हे आपल्याकडचे हुकमी उत्तरही अशा वेळी लगेच पकडले जाते. रक्त चढवताना रुग्णाला थंडी वाजून कंबर दुखू लागली, तर आधी रक्त थांबवायचे, नवीन नळी लावून नॉर्मल सलाइनने शीर चालू ठेवायची आणि मग कळवायचे, हा क्रम समोरच्या सहकाऱ्याने ‘तोपर्यंत रक्त चालूच आहे ना?’ असे विचारल्यावर जसा डोक्यात बसतो, तसा स्पष्टीकरण वाचून बसत नाही, निदान माझ्या तरी बसला नाही.

चर्चेला अर्थात मर्यादा आहेत. पाळ्या जुळत नाहीत. गटात एखादी ज्येष्ठ सिस्टर असली की तिचे मत तेच उत्तर ठरते, आणि आपल्या वॉर्डातील पद्धत परीक्षेला अपेक्षित असतेच असे नाही. म्हणून प्रत्येक केसचे उत्तर नंतर पाठ्यपुस्तकातून पडताळावे लागते. चर्चेत संख्येने केसही थोड्याच होतात. ज्यांची परीक्षा अगदी तोंडावर आहे त्यांनी प्रश्नसंचच धरावा, कारण कमाल १५० प्रश्न आणि पाच तास, तेही मागील प्रश्नाकडे परतण्याची सोय नसताना, ही बैठक चर्चेतून साधत नाही.

हाताशी काही महिने असतील तर मात्र सुरुवात चर्चेने करावी आणि डॉलरमध्ये भरावे लागणारे सदस्यत्व शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवावे, असे मी सुचवेन. त्या दिवशी पाहिलेल्या रुग्णावरून, ओळख पटेल असे सर्व तपशील वगळून, केस तयार करता येते. पाळ्यांमुळे भेट होत नसेल तर हीच चर्चा फोनवरही करता येते. केस पेपर एकाकडेच असल्याने दुसऱ्याला काय विचारायचे ते स्वतःच ठरवावे लागते, आणि पर्याय तर तेथे दिसतच नाहीत.