लायनोटाइपच्या नावाखाली जस्त

अमेरिकेत राहून रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरणारे मराठी लोक मूठभरच असतील. पण आमच्या क्लबात हल्ली दोघे-तिघे नवे आलेत आणि गोळ्या ओतायला लागणारं शिसं ते ऑनलाइनच घेतात, म्हणून हे लिहितोय. (भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. तिकडच्या कुणी हे वाचून कामाला लागू नये.)

नुसतं शिसं गोळीला फार मऊ पडतं. नळीच्या आतल्या आट्यांना ते चिकटतं आणि मग ब्रश घेऊन खरवडत बसा. त्यात अँटिमनी आणि कथील हवं. हे दोन्ही आयतं मिळतं ते जुन्या छापखान्यांतल्या लायनोटाइपमधून, म्हणजे छपाईच्या ओळी ओतायच्या मिश्रधातूतून: साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. ते छापखाने केव्हाच बंद पडले, माल आटत चाललाय आणि भाव चढे. लबाडीला जागा आहे ती इथेच.

मी लायनोटाइप ऑनलाइन मागवला. जाहिरातीतला फोटो अस्सल मालाचा होता. उलट्या अक्षरांच्या, धातूत ओतलेल्या ओळी. खोक्यातून निघाल्या मात्र लगडी. विचारलं तर विक्रेता म्हणाला, "ओळी खोक्यात मावत नाहीत, म्हणून वितळवून दिल्या." ऐकायला पटतं, कारण पोस्टाच्या ठरावीक दराच्या खोक्यात ७० पौंडांपर्यंत वजन चालतं आणि शिसं विकणारे ते गच्च भरूनच पाठवतात. लगडी फरशीवर टाकून पाहिल्या, तर चांगल्या टणटण वाजल्या. मऊ शिसं असं वाजत नाही, नुसतं थप्प पडतं.

बिंग फुटलं ते थर्मामीटरने. लायनोटाइप २४० अंश सेल्सियसच्या आसपास एकदम पातळ होतो. ही लगड ३०० ला ढिम्म. पुढे विरघळली, पण वर कांजीसारखे गुठळे तरंगायला लागले, ढवळून जाईनात. साचा नीट भरेना, गोळ्यांवर सुरकुत्या आणि तळाच्या कडा गोलसर.

भंगारवाल्याकडे धातू तपासायचं क्ष-किरणांचं यंत्र असतं. त्याने लगडीला लावून दाखवलं: कथील नावाला, अँटिमनी थोडंसं आणि वर जस्त. "टायरची वजनं," तो बघताक्षणी म्हणाला. चाकांच्या समतोलासाठी लावतात ती. इथल्या काही राज्यांत शिशाच्या वजनांवर बंदी आल्यापासून टायरवाल्याच्या बादलीत जस्ताची आणि लोखंडाचीही असतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ च्या पुढे, म्हणजे बेताच्या आचेवर जस्त वर तरंगतं आणि झाऱ्याने काढता येतं. या विक्रेत्याने दणकून आच दिलेली, म्हणून जस्तही शिशात मिसळलं.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने वर तोंड करून सांगितलं, "या लगडी माझ्या नाहीतच, तुम्ही बदलल्या." आता करा काय! लगडीवर ना खूण, ना नाव. अक्षरं असलेल्या ओळी पाठवल्या असत्या तर हे बोलायची त्याची हिंमत झाली नसती, आणि माझ्या मते माल वितळवायचं खरं कारण तेच.

त्याच खोक्यातला अर्धा माल घेतलेल्या मित्राचं नुकसान जास्त झालं. त्याने दोन लगडी आपल्या चांगल्या शिशाच्या भरलेल्या भांड्यात सोडल्या आणि सगळं भांडं नासलं. नवा माल आधी वेगळ्या लहान भांड्यात वितळवून बघा, उघड्यावर, थर्मामीटर लावून. आम्लाचा एक थेंबही पुरतो. फरशी साफ करायचं म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड जस्तावर लगेच फसफसतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि लायनोटाइप घेताना अक्षरं दिसतील असाच घ्या. विक्रेता लगडीच देतो म्हणाला तर भाव साध्या शिशाचा द्या.

पैसे अजून परत आलेले नाहीत. तोच फोटो आता दुसऱ्या नावाने पुन्हा लागलाय: लाकडी ट्रेमध्ये ओळी, उजव्या कोपऱ्यात निळा वजनकाटा.