ढब्बू, पिसवा आणि तीन महिन्यांची गोळी : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

कुत्र्याच्या पिसवांवरच्या गोळीच्या ब्रँडचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की लोक थेट मेडिकलमध्ये जाऊन मागतात आणि ही गोळी कुत्र्याचं वजन, वय, आधीची दुखणी बघून डॉक्टरांनीच द्यायची असते. घटकाचं नाव सांगते, फ्लुरालनर. चघळायची गोळी, एकदा दिली की पिसवांसाठी १२ आठवडे चालते. आम्ही आतापर्यंत तीन दिल्या आहेत.

ढब्बू म्हणजे आमचा देशी कुत्रा. वय सहा, वजन १७ किलो, रंग करपलेल्या भाकरीचा. आम्ही पुण्यात सहकारनगरला जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो, खाली शहाबादी फरशी, मागे जरा अंगण. रोज सकाळी तळजाईची टेकडी. गेल्या जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि पंधरा दिवसांत ढब्बूनं शेपटीच्या मुळाशी चावून चावून तळहाताएवढं टक्कल पाडलं. आम्हाला वाटलं, गोचीड. टेकडीवरून गोचीड येतातच, ते शोधायची सवय आहे. कानात बघितलं, बोटांच्या बेचक्यात बघितलं, एकही नाही.

शोध लावला सासूबाईंनी. ढब्बू जिथे झोपतो त्या सतरंजीवर काळ्या मिरीची पूड सांडल्यासारखं दिसत होतं. आईंनी त्यातली चिमूटभर उचलून ओल्या पांढऱ्या रुमालावर टाकली. दोन मिनिटांत प्रत्येक कणाभोवती तांबूस-तपकिरी वर्तुळ पसरलं. "रक्त आहे गं हे," त्या म्हणाल्या आणि रुमाल लांब धरून उभ्या राहिल्या. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पचलेलं ढब्बूचंच रक्त. साधी माती असती तर रुमालावर मातीच राहिली असती. ही परीक्षा कुणालाही घरी करता येते, पैसे लागत नाहीत. मग उवांची फणी आणली आणि शेपटीजवळ फिरवली. फणीत दोन पिसवा आल्या आणि बघता बघता उडून गेल्या. फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची असते हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिले दोन महिने आम्ही जे केलं ते लिहिते, कारण बहुतेक घरांत हेच होतं. कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली. ढब्बूला छान वास आला, पिसवांना काही झालं नाही. कुणी कापूर-खोबरेल चोळायला सांगितलं, कुणी तंबाखूचं पाणी, गावाकडून एका काकांनी फोनवर रॉकेल सुचवलं. यातलं काहीही करू नका. कुत्रा अंग चाटतो आणि कापूर, तंबाखू, रॉकेल तिन्ही त्याला विषारी आहेत. लसूण खायला घालायचा सल्लाही मिळाला होता, तोही घातकच.

मग डॉक्टरांनी मानेवर घालायचे फिप्रोनिलचे थेंब दिले. औषध वाईट नव्हतं, आम्हीच ते वाया घालवलं. थेंब घालण्याच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको असं सांगितलेलं असताना ढब्बू दुसऱ्याच दिवशी तळजाईवर चिखलात लोळून आला आणि नवऱ्यानं त्याला शाम्पू लावून धुऊन काढला. कातडीच्या तेलातून पसरणारं औषध गटारात गेलं. पुढच्या महिन्यात नीट घातले, तरी पिसवा दिसत राहिल्या. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी गोळीवर आणलं.

पहिल्या गोळीचा परिणाम खरंच जोरदार होता. जेवणात मिसळून सकाळी दिली. रिकाम्या पोटी देऊ नये, ती नीट शोषली जात नाही. दुसऱ्या दिवशी फणीत मेलेल्या पिसवा आल्या, चौथ्या दिवशी एकही नाही. ढब्बू पहिल्या दिवशी एकदा ओकला आणि संध्याकाळचं जेवण सोडलं, एवढाच त्रास. दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला तेही झालं नाही. एक गोष्ट मात्र आधीच विचारून घ्या. ज्या कुत्र्याला पूर्वी फिट आली आहे त्याच्याबाबतीत फ्लुरालनर ज्या गटात मोडतं त्या आयसोऑक्साझोलिन गटातल्या सगळ्याच गोळ्या जपून द्याव्या लागतात. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २०१८ मध्ये याच कारणासाठी या संपूर्ण गटाबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. आमच्या डॉक्टरबाईंनी तो प्रश्न स्वतःहून विचारला, सगळे विचारतातच असं नाही.

तर चौथ्या दिवशी आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. गणपतीला नवऱ्याच्या गावी गेलो, ढब्बूला माझ्या बहिणीकडे ठेवलं, घर नऊ दिवस बंद. परत आलो तो दिवस मी विसरणार नाही. कुलूप काढलं, पिशव्या हॉलमध्ये ठेवल्या, आई दिवाणावर टेकल्या. पाच मिनिटं झाली नसतील, मला पायावर टोचल्यासारखं झालं म्हणून खाली बघितलं. पिवळ्या सलवारीवर घोट्यापासून पोटरीपर्यंत तिळाएवढे काळे ठिपके, आणि ते ठिपके उडत होते. आई पाय वर घेऊन दिवाणावर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "कुत्रा घरात नाही, मग हे कुणाचं रक्त प्यायला थांबलेत?"

आमचं, दुसरं कुणाचं. डॉक्टरबाईंना फोन केला तर त्या हसल्याच. त्यांनी फोनवर जे समजावलं ते मला जूनमध्ये कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या प्रौढ पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम ५ टक्के. बाकीचं सगळं घरात असतं. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. अंडी गुळगुळीत असल्यामुळे केसांवरून घरंगळून कुत्रा जिथे जिथे बसतो तिथे पडतात. त्यातून निघालेल्या अळ्या उजेड टाळत फटीत, गादीखाली, सतरंजीच्या विणीत शिरतात आणि ती वाळलेली विष्ठा खाऊन वाढतात. मग कोष. हा कोष चिकट असतो, त्याला धूळ चिकटते आणि तो फरशीच्या सांध्यातल्या धुळीसारखाच दिसतो. त्याच्या आत औषधही नीट पोचत नाही. आतली पिसू तयार झाली तरी ती आठवडेच्या आठवडे, कधी काही महिनेही वाट बघते. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर उडी. आमचं बंद घर नऊ दिवस दम धरून होतं आणि आम्ही आत पाय टाकला.

त्यामुळे, घरात पिसवा दिसल्या म्हणून गोळी चालत नाही असा निष्कर्ष काढणाऱ्यांना माझं सांगणं असं की ती पिसूला कुत्र्यापासून लांब ठेवत नाही. पिसू चावली की मरते. घरातल्या पिसवा कुत्र्यावर येत राहणार, चावणार, अंडी घालायच्या आधी मरणार, असं घरातला साठा संपेपर्यंत चालायचं. म्हणजे ढब्बू हाच सापळा. कल्पना जरा क्रूर वाटते, पण त्याला बहिणीकडे ठेवून घर साफ होणार नव्हतं.

साठा संपतोय की नाही हे कळायला नवऱ्यानं एक पद्धत काढली. मुलाचे शाळेचे पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत चढवून रोज रात्री नऊला हॉल आणि बेडरूममध्ये पाच-पाच मिनिटं चालायचं आणि मोज्यांवर किती उडाल्या ते मोजायचं. आकडा कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. परत आलो त्या रात्री ३१. सप्टेंबर संपताना ११. दिवाळीच्या आठवड्यात ३. मध्येच एकदा १४ झाले, कारण आम्ही दिवाणाखालचा ट्रंक हलवला होता. नोव्हेंबरच्या मध्याला दुसरी गोळी दिली. डिसेंबरच्या ९ तारखेनंतरच्या सगळ्या चौकोनांत शून्य आहे. त्याच महिन्यात आईंनी मोज्यांवरून "कवायत झाली का?" असं विचारणं बंद केलं.

घरात काय केलं, तर फार काही नाही, पण रोज. केरसुणी फटीतलं काढत नाही, म्हणून व्हॅक्यूम, खास करून शहाबादीचे सांधे, दिवाणाखाली आणि भिंतीलगत. त्याच्या थरथरीनं कोषातल्या पिसवाही बाहेर निघतात, ते उलट चांगलं. धूळ लगेच पिशवीत बांधून घराबाहेर. ढब्बूची अंथरुणं आठवड्याला गरम पाण्यात आणि ऊन मिळेल तेव्हा गच्चीवर. पिसवांना दमट हवा लागते, कोरड्या हवेत अळ्या तग धरत नाहीत. पुण्याच्या पावसाळ्यात ऊन मिळत नाही हेच तर दुखणं, म्हणून खरा फरक ऑक्टोबरच्या उन्हानंतर पडला. पेस्ट कंट्रोलही एकदा करून घेतलं. येऊन झुरळांचंच औषध कोपऱ्याकोपऱ्यांत मारून गेले. पिसवांसाठी अळीची वाढ रोखणारं औषध, उदाहरणार्थ पायरिप्रॉक्सिफेन, त्यात आहे का, हे आधी विचारायला हवं होतं.

पुण्यात राहून पिसवांचा विषय निघाला की १८९७ आठवतंच. प्लेगच्या वेळी सैनिक घराघरात शिरून सामान रस्त्यावर काढत, जाळत. त्याच संतापातून २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हे सगळं होत असताना प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं १८९८ मध्ये, कराचीत. माझ्या नवऱ्याला हे सांगितल्यावर त्यानं ट्रंककडे बघून "जाळू या का?" विचारलं. ती पिसू वेगळी, उंदराची. ढब्बूवरच्या बहुधा मांजराच्या. कुत्र्यांवरही बहुतेक ठिकाणी हीच जात सापडते.

आणि त्यावरूनच आमच्या पिसवांचा खरा उगम सापडला. जिन्याखाली मीटरच्या खोलीशेजारी वॉचमनकाकांनी जुनी पोती टाकून ठेवली होती. एका मांजरीनं तिथे जूनमध्ये पिल्लं घातली होती आणि ढब्बू दुपारी तिथेच पडून असायचा, आम्हाला वाटायचं गारव्यासाठी. मांजरीला डॉक्टरबाईंनी मांजरांसाठीचे थेंब दिले. कुत्र्याचं औषध मांजरावर कधीही वापरू नका, त्यातल्या काहींत असलेलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं. पोती काकांनी कुरकुर करत टाकून दिली. "ताई, मांजरं काय आज आलीत का?" हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो बरोबरच होता.

ऑक्टोबरमध्ये आईंना ढब्बूच्या सतरंजीवर तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी दिसलं. ते पट्टकृमीचे, म्हणजे पोटातल्या टेपवर्म जंताचे, तुकडे. अंग चाटताना पिसू गिळली की तो पोटात जातो. प्राझिक्वांटेलची गोळी दिली, संपलं. पिसवा झाल्या असतील तर जंताचं हेही डॉक्टरांना विचारा, आपोआप लक्षात येत नाही.

तक्रार म्हणाल तर किंमत. गोळी चार आकडी पैशांत जाते आणि आमचा स्वयंपाकाचा गॅस तेवढ्यात सहज येतो. महिन्याच्या गोळ्याही मिळतात, पण आम्ही विसरतो हे आम्हाला माहीत आहे, म्हणून तीन महिन्यांचीच बरी पडली. गोचिडांवरही चालते. तळजाईवर जाणाऱ्यांना तेवढा फायदा. टकलावर केस परत आले, जरा पांढरट आलेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला एखादी चावलेलीही पुरते, म्हणून पावसाळ्यात खंड पडू देऊ नका. चौथी गोळी एप्रिलअखेर द्यायची आहे, कालनिर्णयवर लाल गोल आहे.

काल वॉचमनकाकांनी जिन्याखाली नवीन पोतं आणून टाकलं. ढब्बू दुपारी त्यावर झोपून आला. संध्याकाळी मी ते उचलून गच्चीवर वाळत घातलंय, काका अजून बोललेले नाहीत.