गिरगाव ते विमानतळ : पाच महिन्यांच्या फेऱ्यांनंतर

मागच्या महिन्यात पहाटे सव्वातीनला बॅग घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी होते. नागपूरचं सहाचं विमान. आदल्या दिवशी 850 रुपये भरून गाडी ठरवली होती. ड्रायव्हरचा फोन आला, ‘कुठे जायचंय?’ सांगितलं, तसा त्याने फोन ठेवला. तीन पस्तीसला बुकिंग रद्द. म्हणून हे लिहायला बसले.

आई नागपूरला अंथरुणाला खिळल्यापासून महिन्यातून एकदा तरी जाते, त्यामुळे सगळे मार्ग वापरून झालेत. वर्षानुवर्षं लोकलच. चर्नी रोडहून स्लो गाडी, टी वनसाठी (विमानतळाचं टर्मिनल एक) पार्ले, टी टूसाठी (टर्मिनल दोन) अंधेरी, तिथून रिक्षा. सकाळी उलट्या दिशेला गर्दी कमी असते, लेडीज डब्यात बॅग पायाशी मावते. तिकीट 10 रुपये. पण संध्याकाळच्या विमानासाठी सहाच्या सुमारास बॅगेसकट चढायचा प्रयत्न एकदाच केला, पुन्हा नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो तीन कफ परेडपर्यंत आली आणि आमच्या दारात स्टेशन झालं. इतकी वर्षं आम्ही खोदकाम आणि धूळ सोसली, कित्येकांनी घरं सोडली, तेव्हा कौतुक करायला मला संकोच वाटत नाही. पूर्ण मार्गाचं भाडं 70 रुपये, माझं त्याहून कमी. एसी, लिफ्ट, बॅग घेऊन पूल चढणं नाही. फक्त तिकिटावर टर्मिनल नीट बघा: टी वन आणि टी टूची स्टेशनं वेगळी आहेत, मध्ये सहार रोड येतं.

आता माझी तक्रार. खाली भुयारात माझ्या फोनला रेंज मिळत नाही. लोक म्हणतील, अर्धा-पाऊण तास फोन नाही चालला तर काय बिघडतं? नोव्हेंबरमध्ये मी सिद्धिविनायकच्या आसपास असताना वहिनीने चार वेळा फोन केला. आईला ऑक्सिजन लावायचा होता आणि डॉक्टरांना जुन्या गोळ्यांची नावं हवी होती, ती माझ्याच फोनमध्ये होती. टी टूला वर आले तेव्हा चारही मिस्ड कॉल एकदम आले. स्टेशनात वायफाय आहे, पण गाडी सुटली की तेही नाही, आणि वहिनी साधा फोनच करते. शेकडो फूट लांबीचे प्लॅटफॉर्म बांधता येतात, मग ज्या गाडीने माणसं विमानतळावर जातात त्या गाडीत फोन लागू नये? विमान उशिरा सुटणार हा मेसेजसुद्धा तिथेच अडकतो.

त्या दिवशी मेट्रो सोडायची असं ठरवलं होतं. डिसेंबरात यांनी गाडीने सोडलं: कोस्टल रोड, सी लिंक, पुढे हायवे. पहाटे रस्ता खरंच सुंदर मोकळा. पण सी लिंकचा एका बाजूचा टोल 100 रुपये, पेट्रोल, आणि त्यांना तसंच परत येऊन साडेआठला ऑफिस गाठायचं. घरची गाडी म्हणून फुकट पडत नाही. जानेवारीत पुन्हा मेट्रोत बसले. आता निघण्याआधी वहिनीला फोन करून सांगते, आणि गोळ्यांच्या यादीचा फोटो तिच्याकडे पाठवून ठेवलाय. तक्रार मात्र मागे घेतलेली नाही.

पहाटेच्या विमानाला मेट्रो सुरूच झालेली नसते आणि लोकलही चारनंतरच, म्हणून ती आगाऊ गाडी. त्या रात्री चालत प्रार्थना समाजाच्या सिग्नलला गेले. एक काळीपिवळी टॅक्सी उभी होती. काका झोपेतून उठले, ‘टी टू ना? बसा ताई,’ म्हणाले आणि मीटर टाकला. रात्री बारा ते पाच सव्वापट भाडं असतं, ते धरूनही 640 झाले. ठरवलेल्या गाडीपेक्षा 210 कमी, आणि काउंटर बंद व्हायच्या बऱ्याच आधी पोहोचले. उतरताना त्यांचा नंबर घेतला. गेल्या आठवड्यात आदल्या रात्री फोन केला, तर तीन वाजता गल्लीत हजर होते.

माझे 850 रुपये अजून आलेले नाहीत. कंपनी कूपन देते म्हणते. मला कूपन नको, पैसे हवेत. तीन मेल पाठवलेत, चौथा आज पाठवतेय.