मिशन ट्रिप: टीमबरोबर दहा दिवस, संस्थेबरोबर सहा महिने, की न जाता फक्त मदत?

मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) अनाउन्समेंट होते की गरीब वस्तीत सेवेला टीम जातेय, नावं द्या, आणि मग डोक्यात सुरू होतं की जावं का, परवडेल का, आणि आपण गेल्याने तिथल्या लोकांना खरंच काही फायदा होईल का. रस्ते साधारण तीन असतात. टीमबरोबर आठ-दहा दिवस, एखाद्या संस्थेबरोबर काही महिने, किंवा न जाता तेच पैसे तिथल्या मंडळीच्या हातात द्यायचे. माझं मत आधीच सांगते, तिथल्या लोकांनी काय मागितलंय हे बघून ठरवा, परत येताना आपलं मन किती भरून येईल यावरून नको.

पैशाची गोष्ट आधी, कारण ती बोलायला सगळेच कचरतात. 1998 च्या ऑक्टोबरअखेर होंडुरासमध्ये मिच चक्रीवादळ आलं, प्रचंड घरं पडली, आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या टीमा घरं बांधायला गेल्या. कर्ट व्हर बीक हा ख्रिस्ती संशोधक तिथेच राहणारा, त्याने नंतर हिशोब मांडला: टीमने बांधलेल्या घरामागे प्रवास वगैरे सगळं धरून सरासरी 30,000 डॉलर गेले होते आणि तिथल्याच ख्रिस्ती संस्थेने बांधलं तर तेच घर 2,000 डॉलरमध्ये होत होतं. बरं, कुटुंबांना विचारलं तर घर परदेशी टीमने बांधलं की गावच्या लोकांनी, याने त्यांच्या आयुष्यात काही फरक पडलेला नव्हता. ट्रिपला जाऊन आलेले लोक नंतर जास्त दान देतात असंही आपण म्हणतो, पण नोंदी तपासल्यावर तसं फारसं दिसलं नाही.

म्हणजे न जाणंच बरं का? इतकं सरळ नाही ते. मंडळीतला मुलगा सेवेला चाललाय म्हटल्यावर लोक खिशात हात घालतात, नुसत्या बँक खात्यासाठी तेवढे घालत नाहीत, त्यामुळे ट्रिप रद्द केली म्हणून ते पैसे आपोआप तिकडे पोचतील असं धरू नका. पण गावात गवंडी कामाविना बसलेत आणि आपण विमानाने जाऊन विटा रचतोय, हे मला तरी पटत नाही. बांधकामालाच जायचं असेल तर हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीची पद्धत बघा, 1976 ला सुरू झालेली ख्रिस्ती संस्था आहे, तिथे ज्या कुटुंबाचं घर आहे ते स्वतः कामाला उभं राहतं आणि घराचे हप्तेही सहसा तेच फेडतं. आपण त्यांच्या हाताखालचे मदतनीस असतो आणि ते योग्यच आहे.

आता काही महिन्यांचा पर्याय. इथे दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात. यूथ विथ अ मिशन ही 1960 पासूनची संस्था, तिचं डीटीएस, म्हणजे शिष्यत्वाचं प्रशिक्षण, पाचेक महिन्यांचं असतं, आधी साधारण तीन महिने शिक्षण आणि मग आउटरीच, म्हणजे बाहेर जाऊन सेवा. चांगलं आहे, पण यात मुख्य घडण तुमची होते, तेव्हा पैसे गोळा करताना लोकांना तसंच सांगा, गरिबांच्या नावावर नको. मर्सी शिप्सचं वेगळं. 1978 पासून चालू आहे, आज आफ्रिकेतल्या बंदरांवर त्यांची हॉस्पिटल-जहाजं उभी असतात, ऑपरेशन फुकट होतात, आणि डॉक्टर-नर्सपासून स्वयंपाकी, इलेक्ट्रिशियनपर्यंत बहुतेक सगळे स्वतःचा खर्च स्वतः करून राबतात. तिथे एखादा सर्जन थोडेच आठवडे आला तरी त्याचं सोनं होतं कारण ते कौशल्य तिथे सहज मिळत नाही. कमी दिवस म्हणजे वाईट असं नाही, पण कमी दिवस आणि हातात कौशल्यही नाही, असं असेल तर मात्र विचार करा. बायबलमधला प्रेषित पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहिला, तंबू बनवून स्वतःच्या हाताने कमवलं, लोकांवर भार टाकला नाही. लांब मुदतीचं हेच बळ आहे, भाषा कानात बसते, माणसं नावाने ओळखू लागतात, आणि कोण खरंच अडचणीत आहे ते हळूहळू कळतं.

एका बाबतीत मी कुठलीच तुलना करणार नाही. अनाथाश्रमात मुलांबरोबर आठवडा घालवायची ट्रिप असेल तर जाऊ नका, दहा दिवसांचीही नको आणि महिन्याचीही नको. जगभर अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, गरिबीपायी मूल तिथे ठेवलेलं असतं, आणि पाहुणे-देणग्या येत राहिल्या की मुलं भरतीच होत जातात. मूल आपल्याला चिकटतं, रडतं, आपण निघून येतो, मग पुढची टीम. 2010 च्या भूकंपानंतर हैतीत एका अमेरिकन चर्चच्या गटाला 33 मुलं सीमेपार नेताना पकडलं, आणि त्यातल्या बऱ्याच मुलांचे पालक जिवंत निघाले. हेतू चांगला असला तरी त्या आयांचं काय झालं असतं? डिसेंबर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अशा व्हॉलंटियरिंगच्या धोक्याकडे बोट दाखवलंय. प्रेम असेल तर मुलाला घरी ठेवता येईल अशी मदत त्या कुटुंबाला पोचवा.

कायद्याचंही बघा. टुरिस्ट व्हिसावर सुवार्ता सांगायला पुष्कळ देशांत परवानगी नसते. नेपाळात तर धर्मांतर करवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात, आणि मागे राहिलेल्या तिथल्या पाळकालाही (पास्टरलाही) पोलीस त्रास देऊ शकतात, हे टीम लीडरने आधी सांगितलं पाहिजे. लसींचं शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, यलो फीव्हरचं सर्टिफिकेट लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतं.

मग कुणी काय निवडावं? नर्सिंग, प्लंबिंग, अकाउंट्स, शिकवणं, असं काही पक्कं येत असेल आणि तिकडून कुणी मागितलं असेल तर मी म्हणेन महिने काढून जा. घरात लहान मुलं किंवा आजारी आई-वडील असतील तर पैसे पाठवणं ही दुय्यम सेवा अजिबात नाही, फक्त एकदाच मोठी रक्कम नको, दर महिन्याला थोडं द्या आणि तिथल्या लोकांनाच ठरवू द्या कशाला वापरायचे.

आणि रजा दहाच दिवसांची असेल, मन मात्र ओढ घेत असेल, तर जा, पण शिकायला जा. छोटी टीम, दरवर्षी तीच जागा, तिथल्या पाळकाच्या सांगण्याखाली, काम त्यांनी नेमलेलं. कपडे-खेळणी स्वतःच्या हाताने वाटू नका, मंडळीकडे द्या, म्हणजे आपण गेल्यावर लोक त्यांच्याकडेच येतील. मुलांचे चेहरे फोटोत टाकू नका. नाव देण्याआधी लीडरला विचारा की आपल्याला बोलावलंय कुणी, गेल्या वर्षीच्या कामाचं पुढे काय झालं, आणि आपण नाही गेलो तर त्याच पैशात तिथे काय होऊ शकतं. शक्य असेल तर तिथल्या पाळकाशी स्वतः फोनवर बोला, आणि ते म्हणाले की यंदा येऊ नका, मदत पाठवा, तर तिकीट काढू नका.