मॉडेल विमानाचं जुनं इंजिन दुरुस्तीला देण्याआधी हे वाचा

माझे बाबा एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवायचे. कंट्रोल लाइनवर, म्हणजे हातातल्या दोन तारांवर, विमान गोल फिरवायचे आणि संध्याकाळी घरी यायचे ते शर्टाला एरंडेलाचा वास घेऊनच. मिथेनॉल आणि एरंडेल तेल, हेच त्या इंजिनांचं खाद्य. बाबा गेल्यावर माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात त्यांची दोन इंजिनं सापडली. दोन्ही जपानी, ओ.एस. मॅक्स-१५, अडीच सीसीची. तीसेक वर्षं पडून होती. पंखा जागचा हलेना.

एका ओळखीच्यांनी पुण्यातल्या एका माणसाचा नंबर दिला. जुनी इंजिनं 'रिस्टोर' करतो म्हणाले. आधी एक पाठवून बघावं म्हणून मी एकच कुरिअर केलं आणि १,५०० रुपये ॲडव्हान्स दिले. चार दिवसांनी फोन आला. "ताई, पिस्टन-लायनर गेलेत. आत पूर्ण चिकटलंय. जपानहून सेट मागवावा लागेल, ६,२०० होतील." (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली सरकतो ती नळी.) मी विचारलंसुद्धा, की फोटो पाठवाल का? फोटो आला तो बाहेरच्या काळ्या कवचाचा. आतला एकही नाही. बाबांची वस्तू म्हणून मी पुढे काही न विचारता पैसे पाठवले. शेवटी पॉलिशचे म्हणून आणखी १,५०० गेले. एकूण ९,२०० रुपये. पावती मागितली तर म्हणाला, "आपलं घरचंच काम आहे ताई, पावती कसली?"

दोन महिन्यांनी इंजिन आलं. चांदीसारखं चकचकीत. पंखा बोटाने अलगद फिरत होता. मला रडू आलं. बाबांचे एक जुने विद्यार्थी आमच्याच गावात राहतात, मी त्यांना काका म्हणते. त्यांना दाखवायला नेलं.

काकांनी ग्लो प्लग, म्हणजे इंधन पेटवणारा वरचा प्लग, घट्ट आहे ना ते पाहिलं, दोन थेंब तेल सोडलं आणि पंख्याला टिचकी मारली. पंखा भोवऱ्यासारखा फिरत राहिला. त्यांचा चेहरा उतरला. "कॉम्प्रेशनच नाही गं यात, आत हवा दाबलीच जात नाही. पंखा वरच्या टोकाला अडून उलटा टक्कन् परत यायला हवा." मग त्यांनी वरचं हेड उघडलं. बाबांची एक सवय त्यांना ठाऊक होती. कुठलंही इंजिन खोलण्याआधी बाबा लायनरच्या कडेवर आणि त्याच्या समोर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचावर, एकेक बारीक ठिपका करायचे, म्हणजे जोडताना लायनर त्याच जागी बसतो. क्रँककेसवर ठिपका होता. लायनरवर नव्हता.

या इंजिनात पिस्टनभोवतीची फट बुजवणारी रिंग नसते. लोखंडी पिस्टन आणि पोलादी लायनर एकमेकांना घासून जुळवलेले असतात, ती जोडी असते. माझी जोडी काढून घेऊन कुठल्या तरी झिजलेल्या इंजिनाची आत घातली होती आणि वरून पॉलिश मारलं होतं.

काका म्हणाले, दुसरं आण. त्यांनी त्याचं मागचं झाकण आणि प्लग काढला, केस वाळवायच्या ड्रायरने इंजिन इतकं तापवलं की हातात धरवेना, मग आत थोडं पातळ तेल सोडलं आणि जरा थांबले. पुन्हा तापवलं. पंखा धरून किंचित पुढे, किंचित मागे. पक्कड नाही, एक्झॉस्टमधून स्क्रू-ड्रायव्हर घालून पिस्टन ढकलणं तर मुळीच नाही, त्याने पिस्टनवर चरे पडतात. जोर केला तर आतला बारीक कनेक्टिंग रॉड वाकतो. वीसेक मिनिटांत चिवट, मधासारखं काहीतरी सुटलं आणि खोलीभर बाबांचा वास पसरला. वाळून राळ झालेलं एरंडेल, बाकी काही नाही. उलट त्या थरानेच इतकी वर्षं गंज रोखला होता. टिचकी मारल्यावर पंखा टक्कन् उलटा आला. हेडखाली दोन्ही ठिपके समोरासमोर होते.

म्हणजे पहिल्यालाही बहुधा एवढंच झालं होतं. "पिस्टन गेलाय" हे वाक्यच ९,२०० रुपयांचं होतं.

मी त्या माणसाला जुने भाग परत मागितले. "टाकून दिले" एवढंच उत्तर आलं, त्यानंतर फोन उचलत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पावती नाही, म्हणून पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि मेसेज तेवढे जोडले आहेत.

तुम्ही कुणाकडे इंजिन देणार असाल तर आधी हेड उघडून आतले फोटो काढा, लायनरवर आपली खूण करा आणि बदललेला प्रत्येक भाग परत हवा असं पैसे देण्याआधी लिहून घ्या. आणि मॅक्स-१५ चा सुटा पिस्टन-लायनर कुठे विकायला आला, त्याच्या कडेवर एक बारीक ठिपका दिसला, तर कृपा करून मला कळवा.