रक्त न घेता मिळालेला हार्मोनचा रिपोर्ट

पाळी दोन-दोन महिने लांबणे, हनुवटीवर राठ केस येणे आणि खाणेपिणे तेच असूनही वजन वाढत राहणे, एवढे सांगितले की आजकाल कोणीही ‘पीसीओडी (हार्मोन बिघडून अंडाशयांवर परिणाम करणारा विकार) असेल’ असे म्हणून मोकळे होते. माझ्या डॉक्टरांनी मात्र ‘शंका आहे’ एवढेच म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी लिहून दिली होती. त्या होण्याआधीच मुलुंडच्या आमच्या सोसायटीत भरलेल्या मोफत आरोग्य शिबिरातून मी दादर पश्चिमेच्या एका वेट-लॉस क्लिनिकपर्यंत पोहोचले आणि तिथे माझे ४८,००० रुपये गेले. शंका आल्यापासून निदान होईपर्यंतच्या काळात बाई सर्वांत जास्त घाबरलेली असते आणि हा धंदा नेमका त्याच काळावर चालतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तिथे रक्त घेतलेच नाही. लॅपटॉपला वायरने जोडलेली धातूची कांडी मुठीत धरायला दिली आणि मिनिटभरात प्रिंटरमधून पानेच्या पाने बाहेर पडू लागली. प्रत्येक पानावर तक्ता होता, ‘प्रोलॅक्टिन’, ‘इस्ट्रोजेन’, ‘अंडाशयाचे कार्य’ अशा ओळी होत्या आणि जवळजवळ प्रत्येक ओळीसमोर लाल बाण होता. आकडे दशांश चिन्हापुढे तीन घरांपर्यंत छापलेले असल्यामुळे तो प्रयोगशाळेचा अहवाल वाटतो. वस्तुस्थिती अशी की हार्मोन मोजायचे तर शरीरातून नमुना घ्यावा लागतो, आणि या आजाराच्या निदानासाठी तो रक्ताचाच असतो. अनवाणी उभे राहून चरबीचे प्रमाण दाखवणारा वजनकाटाही तिथे होता. तो सौम्य विद्युतप्रवाहावरून चरबी आणि पाणी यांचा अंदाज देतो, हार्मोनबद्दल काहीही सांगत नाही.

निदानाची रीत ठरलेली आहे. २००३ सालच्या रॉटरडॅम निकषांनुसार अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणे किंवा रक्तातला तसा पुरावा, आणि सोनोग्राफीत दिसणारी विशिष्ट अंडाशये, या तिन्हींपैकी दोन गोष्टी प्रौढ स्त्रीत असाव्या लागतात. शिवाय थायरॉइडचा विकार, वाढलेले प्रोलॅक्टिन यांसारखी दुसरी कारणे आधी वगळावी लागतात. कांडीच्या रिपोर्टने यातले काहीही होत नाही.

पांढरा कोट घातलेल्या काउन्सेलर बाईंनी तो रिपोर्ट समोर पसरला आणि म्हणाल्या, “ताई, वीस किलो उतरले की पीसीओडी मुळासकट जाईल. आता टाळलंत तर पुढे मूल होणं कठीण.” त्या डॉक्टरही नव्हत्या आणि आहारतज्ज्ञही नव्हत्या, हे मला पुढे कळले. आईसमोर असे बोलल्यावर घरात काय होते, हे वेगळे सांगायला नको. मग ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून माझा फोन हातात घेतला गेला, ओटीपी विचारला गेला आणि माझ्या नावावर एका वित्तसंस्थेचे कर्ज तयार झाले. क्लिनिकला पूर्ण रक्कम लगेच मिळते आणि उपचार सोडले तरी हप्ते आपल्या खात्यातून जातच राहतात. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्ज नियमांनुसार कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक आधी द्यावे लागते आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या काळाचा खर्च भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येते. मला असे पत्रक कोणी दाखवले नाही.

उपचार म्हणजे पातळ सूप, काकडी आणि पांढऱ्या डबीतल्या कॅप्सूल. सुरुवातीला वजन झरझर उतरले, पण उपासमारीत आधी उतरते ते बव्हंशी पाणी असते. पुढे छातीत धडधड होऊ लागली, लोकलमध्ये उभ्या उभ्या चक्कर आली, केस पुंजक्यांनी गळू लागले आणि होती ती पाळीही थांबली. डबीवर ‘शुद्ध आयुर्वेदिक’ लिहिले होते, पण उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक किंवा मुदत यातले काहीच नव्हते. खऱ्या आयुर्वेदिक औषधावर हे सारे छापणे बंधनकारक असते. सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झाले, तरी ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते अनेक देशांत सापडले आहे. म्हणून ती डबी मी फेकली नाही, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत दिली.

परळच्या केईएम रुग्णालयाच्या ओपीडीत मग रीतसर तपासण्या झाल्या आणि पीसीओएसचे, म्हणजे ज्याला सगळे पीसीओडी म्हणतात त्याचे, निदान पक्के झाले. तिथले बोलणे ऐकून मला रडू आले, कारण ते इतके साधे होते. वजनाच्या पाच ते दहा टक्के घट झाली तरी पाळी आणि साखर यांत फरक पडू शकतो, म्हणजे ऐंशी किलोच्या बाईला चार ते आठ किलो. कोणताही एक खास आहार इतरांपेक्षा सरस ठरलेला नाही; भाकरी, उसळ, भाजी चालते, आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालावे आणि गरजेप्रमाणे मेटफॉर्मिन हे साखरेवरचे औषध किंवा हार्मोनच्या गोळ्या डॉक्टर ठरवतात. हा आजार आटोक्यात राहतो, मुळासकट जात नाही, आणि मूल होण्यात अडचण आलीच तर तिच्यावर परिणामकारक उपचार आहेत.

पावतीवर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असा शिक्का आहे म्हणून गप्प बसू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराविरुद्ध दाद मागता येते, तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे आणि सुरुवात १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरून करता येते. मासिक पाळीचे विकार किंवा लठ्ठपणा औषधाने बरा करण्याची जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानेच निषिद्ध आहे, म्हणून शिबिरात वाटलेले पत्रकही जपून ठेवावे. क्लिनिकने मला पैशांऐवजी त्वचेचे उपचार देऊ केले आणि ‘खाते बंद करण्यासाठी’ फाइल परत मागितली. ती दिली नाही. कांडीचा तो रिपोर्ट आणि नंतरचे रक्ताचे अहवाल शेजारी शेजारी जोडून तक्रार ग्राहक आयोगात दाखल केली आहे.