मॅक्रोवाला युनिव्हर्सल रिमोट: काही महिने वापरल्यावर

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, जुना ॲम्प्लिफायर आणि एसी या सगळ्यांसाठी गेल्या पावसाळ्यात एक प्रोग्रॅमेबल रिमोट घेतला. त्याच्या एका बटणात ओळीने अनेक आदेश भरता येतात, त्यालाच मॅक्रो म्हणतात. लॉजिटेकने २०२१ मध्ये हार्मनी या रिमोटचं उत्पादन थांबवलं नसतं, तर कदाचित तोच घेतला असता. कोणतं उपकरण चालू, कोणतं बंद, याचा हिशेब तो ठेवायचा. माझ्या रिमोटला तेवढी अक्कल नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं बरंचसं या जातीच्या बहुतेक रिमोटना लागू आहे.

हा रिमोट इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतो, आणि तो एकतर्फी मामला. रिमोट आदेश सोडतो, समोरच्याने तो घेतला की नाही हे त्याला कळत नाही. त्यात बहुतेक उपकरणांना चालू आणि बंद करायला पॉवरचं एकच बटण. आमचा बॉक्स इन्व्हर्टरवर आहे, टीव्ही नाही. लाइट गेली की टीव्ही बंद, बॉक्स मात्र चालूच. लाइट आल्यावर ‘टीव्ही बघायचा’ हा मॅक्रो दाबला की टीव्ही चालू होतो आणि बॉक्स झोपतो. पडद्यावर ‘नो सिग्नल’, आणि घरचे माझ्याकडे बघणार!

यावर उपाय सापडला तो असा: आमचा बॉक्स झोपेत असताना आकड्याच्या बटणानेही जागा होतो, आणि जागा असेल तर फक्त चॅनल बदलतो. म्हणून मॅक्रोत पॉवरऐवजी बातम्यांच्या चॅनलचा नंबर टाकला. बंद करताना आधी एक आकडा, थोडं थांबणं, मग पॉवर. आता बॉक्स कुठल्याही अवस्थेत असला तरी शेवट एकच. टीव्हीसाठी चालू आणि बंदचे वेगळे कोड रिमोटमध्ये आधीच भरलेल्या यादीत मिळाले. कंपनीच्या मूळ रिमोटवर ती बटणं नव्हती, तरी टीव्हीला ते कोड समजतात.

सगळ्यात सरळ निघाला तो एसी. त्याचा रिमोट प्रत्येक दाबाला तापमान, मोड, पंख्याचा वेग असं सगळंच पाठवतो. ‘२६, कूल, पंखा मंद’ एवढं एकदा मूळ रिमोटवरून माझ्या रिमोटला शिकवलं की कितीदाही दाबा, फरक पडत नाही. मात्र ‘तापमान एकने वाढव’ असं बटण शिकवून मिळत नाही.

ॲम्प्लिफायरचं म्यूट एकदा चालायचं, लगेच दुसऱ्यांदा नाही. तो आरसी-५ या आदेश पाठवण्याच्या पद्धतीचा. त्यात प्रत्येक नव्या दाबाला कोडमधला एक बिट, म्हणजे शून्य किंवा एकचा आकडा, उलटतो. शिकवलेल्या कोडमध्ये तो गोठलेला असतो, म्हणून उपकरणाला वाटतं बटण दाबूनच धरलंय. मध्ये दुसरा कुठलातरी आदेश गेला की सुटतं. यादीतला तयार कोड घेतल्यावर ही कटकट संपली.

वेळेचं गणित मात्र प्रत्येक घरात वेगळं. टीव्ही चालू झाल्यावर काही सेकंद एचडीएमआय बदलण्याचा आदेश ऐकतच नाही. ती वाट बघताना ॲम्प्लिफायरचे आदेश उरकून घ्यावेत. तोवर रिमोट टीव्हीकडे रोखलेला हवा. आई बटण दाबते आणि रिमोट उशीवर पालथा टाकते, की मॅक्रो अर्धवट.

नेटवरचं बघायची स्टिक ब्लूटूथवर चालते, तिच्यापुढे हा रिमोट मुकाच. त्यामुळे तिचा रिमोट टीपॉयवर आहे तो आहेच.